मालगाडीचा शेवटचा डबा

वयनी, सकाळपासून घरापुढच्या खळ्यात माणसं येतायत. बायका आईच्या गळ्यात पडतात, पदराने डोळे टिपतात आणि सगळ्या एकच बोलतात, “गुणाची होती गो. कधी कोणाक उलटून बोलूक नाय.” मी पाण्याचे तांबे आतबाहेर करते. हाच तर तुझा-माझा वाद होता, आणि तो अर्धाच टाकून तू गेलीस. उलटून बोलायला हवं होतं तुला. एकदा तरी.

तुझ्या मालगाड्यांचं मात्र कुणी नाव काढत नाही. मेलेल्या माणसाचं खूळ बोलून दाखवू नये असं वाटत असेल त्यांना. तू होतीस तेव्हा तर सगळा बाजार तुला मालगाडीवाली म्हणायचा. ज्या मुलखात रेल्वेचा एक रूळ नाही, तिथे तू बॉक्स कॅमेरा आणि भिंतभर डब्यांचे फोटो घेऊन नांदायला आलीस. रोल धुवायला टाकलास की फोटोवाला हसायचा. “वयनी, ह्या खेपेकपण डबेच? घरातली माणसां खंय गेली?” तू पण हसायचीस. म्हणायचीस, “माणसं रोज दिसतात की.”

तुझं लग्न होऊन तू आमच्याकडे आलीस तेव्हा मला वाटलं होतं, ही लोंढ्याच्या रेल्वे क्वार्टरमधली मुलगी दर्याच्या आवाजाने वेडी होईल. झोप येत नाही म्हणालीस खरी, पण लाटांमुळे नव्हे. मालगाडी ऐकल्याशिवाय डोळा लागत नाही म्हणालीस. मी खो खो हसले होते. तुझे बाबा मालगाडीचे गार्ड. गाडी यार्डात शिरताना कशी खडखडते यावरून तू लहानपणी ओळखायचीस, बाबा आले की दुसरं कुणी. आमचंही तसंच होतं, फक्त दर्यावरचं. आमचे आबा मचव्यावर तांडेल होते. त्यांचं शीड खडपाच्या आत वळताना दिसलं की आई किनाऱ्यावर जाऊन उभी राहायची आणि खारव्याचं तांबडं फडकं डोक्यावर धरून हलवायची. जाडंभरडं कापड, पण लांबून दिसायचं. घरी सगळं बरं आहे, एवढाच त्याचा अर्थ. महिना-महिना दर्यावर काढून आलेल्या माणसाला मिळणारी ती पहिली खबर. आजी गेली त्या वेळी आई किनाऱ्यावर गेली, पण फडकं हलवलं नाही. आबा समजले. होडीतून उतरतानाच त्यांनी डोक्याचं मुंडासं काढलं होतं. हे सगळं मी तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, “आमच्याकडे उलटं. तांबडं दिसलं की थांबायचं.” आपण दोघी मागच्या पडवीत मासे निवडत होतो. तेव्हा ही नुसती गंमत होती.

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या वर्षी दादाने जुनी मोटार घेतली, भाड्याच्या वर्द्या मारायला. पहिली फेरी घरच्यांचीच व्हायची होती. आबा जाऊन बराच काळ लोटला होता, आई कुठे बाहेर पडत नव्हती. तिने उभ्या जन्मात आगगाडी पाहिली नव्हती. तुझे बाबा त्याच पावसाळ्याअखेर निवृत्त होणार होते. तू कधी काही मागत नसायचीस. त्या वेळी मागितलंस. म्हणालीस, “बाबांनी सगळा जन्म गाडीच्या शेवटच्या डब्यात काढला. आपली गाडी जाताना बाहेरून कशी दिसते ते त्यांना ठाऊक नाही. मला ती अख्खी फोटोत धरून त्यांना द्यायची आहे.” दादा नाही म्हणूच शकला नाही. मलाही तुझा तेव्हा हेवा वाटला. माझ्या बापासाठी असं काही करायचं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

आंबोलीचा घाट चढताना आईला ओकाऱ्या झाल्या. तू तिचं डोकं मांडीवर घेतलंस, तोंडात आवळकाठी दिलीस. बेळगाव ओलांडून खानापूरच्या रस्त्याला लागलो आणि तुझ्या अंगात वारं शिरलं. फाटक लागलेलं दिसलं की “थांबा हो, थांबा,” आणि मोटार नीट उभी राहायच्या आत तू उतरलेली. दादा कपाळाला हात लावायचा. कोळशाचे डबे, गुरांचे डबे, सागाचे ओंडके लादलेले उघडे डबे, तू कशालाच नाही म्हणत नव्हतीस. आई खिडकीतून डोकं काढून ओरडली, “माणसांचे फोटो सोडून ह्ये डबे कसले काढतंस गो?” तू तिथूनच हात हलवलास. रोलात आठच फोटो मावतात, त्यातले शेवटचे तू बाबांच्या गाडीसाठी राखून ठेवले होतेस.

जागा तूच निवडलीस. रस्ता आणि रूळ जवळजवळ येतात, गाडी चढावर वळण घेते, दोन्ही बाजूंना रान. कुठल्या दिवशी कुठल्या गाडीवर असेन, हे बाबांनी कळवलं होतं. आपण उंचवट्यावर बसलो. आईने भाकऱ्यांचं गाठोडं पुढ्यात घेतलं होतं. भाकऱ्या त्याच खारव्याच्या फडक्यात बांधल्या होत्या. आबा गेल्यावर ते फडकं भाकऱ्यांनाच लागलं होतं.

गाडी आली. इंजिन धापा टाकत वर चढत होतं. तुझा चेहरा मला अजून दिसतो, वयनी. कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून, श्वास रोखून उभी होतीस. एक फोटो वळणावर इंजिनाचा, एक मधल्या डब्यांचा. आई तोंडाला पदर लावून बसली होती. डब्यामागून डबा येतच होता. तिने मला ढोसलं. “ह्यां संपतला कधी?”

मग शेवटचा डबा आला. बाबा दारात उभे. पांढरा डगला, बगलेत गुंडाळलेला हिरवा बावटा. आपण दिसल्यावर त्यांनी हात वर केला, आणि हसले. तू खटक्यावर बोट ठेवलंस. त्याच घटकेला आई उठली. भाकऱ्या गवतात सांडल्या. तिने फडकं झटकलं आणि डोक्यावर धरून हलवायला लागली, तेवढ्यात तू खटका दाबलास. इतक्या वर्षांनी तिच्या अंगात कुठून ते बळ आलं, कुणास ठाऊक. किनाऱ्यावर उभी राहायची तशीच ती उभी होती.

बाबांचं हसू तिथल्या तिथे गेलं. मी त्यांच्याकडेच बघत होते. पुढे मला सारखं वाटत राहिलं की परक्या कुणी ते कापड हलवलं असतं तर त्यांनी कदाचित दुसऱ्यांदा विचार केला असता. पण ही त्यांची स्वतःची माणसं होती, रस्त्याने आलेली, लाईन बघत आलेली. आपली माणसं तांबडं दाखवतायत म्हणजे काहीतरी आहे. ते आत वळले आणि त्यांनी ब्रेक लावला.

तो आवाज तू नंतर कधी बोलून दाखवला नाहीस. मीही नाही. शेवटच्या डब्यापासून इंजिनापर्यंत तो धक्का पळत गेला. वर चढावर कुठेतरी साखळी तुटली, मधले डबे रुळावरून उतरले, त्यांतले सागाचे ओंडके सुटून उतारावरून रानात गडगडत गेले. इंजिनावरच्या फायरमनचा हात भाजला, हे आपल्याला मागाहून कळलं. धूळ बसली. बाबा खडीवरून धावत आपल्याकडे आले. विचारलं, “काय झालंय? पुढे काय आहे?”

आई तेव्हाही हसत होती. म्हणाली, “काय नाय, व्याहीबुवा. सगळां बरां आसा.”

बाबांनी तिच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं. मग दादाला म्हणाले, “मोटार काढा आणि जा. कुणी विचारलं तर तुम्ही इथे नव्हता.” तू हलत नव्हतीस. त्यांनी तुला खांद्याला धरून मोटारीत बसवलं. गवतातल्या भाकऱ्या गोळा करायला मी खाली वाकले होते, कशाला ते देव जाणे. दादाने हाक मारली तेव्हा भानावर आले.

चौकशी झाली. इंजिनावरच्यांनी काही पाहिलं नव्हतं, ते केव्हाच पुढे गेले होते. बाबांना विचारलं, गाडी का थांबवली? तांबडं दिसलं, म्हणाले. कुणी दाखवलं? ते दिसलं नाही, म्हणाले. मग त्यांच्या नावावर लिहिलं गेलं की हा माणूस कामावर झोपला होता आणि दचकून उठून त्याने ब्रेक ओढला. ज्या माणसाने ड्यूटीवर कधी डोळा मिटला नाही त्याला झोपाळू ठरवलं. गाडीवरून काढून यार्डात बसवलं आणि मुदत भरायच्या आधीच घरी पाठवलं. बाकीच्या गार्डांना निवृत्तीला हार घालतात, गाडीला पानाफुलांची तोरणं बांधतात. बाबांच्या वेळी फलाटावर कुणी आलं नाही. क्वार्टर सोडून ते निपाणीकडे भावाच्या घरी राहायला गेले.

आपण दोघी त्यांना भेटायला गेलो होतो तो दिवस आठव. तू फोटो नेले होतेस. त्यांनी चष्मा पुसला आणि वळणावरच्या गाडीचा फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. “अशी दिसते होय माझी गाडी,” म्हणाले. “बरी दिसते की.” मग तू शेवटचा फोटो पुढे केलास. बाबा दारात हात वर करून हसतायत आणि कोपऱ्यात आईचा अर्धा हात आणि ते फडकं. फोटोत ते काळं आलं होतं. त्यांनी तो उलटा करून तुझ्या मांडीवर ठेवला. म्हणाले, “हा फाडून टाक, विमल. तुला त्या घरात राहायचंय.”

तू फाडला नाहीस. फाडणार तरी कसा? बापाचा त्याच्या कामावरचा तेवढा एकच फोटो, आणि त्यातच माझ्या आईची चूक. दाखवताही येईना, टाकताही येईना. ट्रंकेत साड्यांच्या तळाशी तो जाऊन बसला. इथून आपला वाद सुरू झाला. मी म्हटलं, जा आणि सांग त्या चौकशीच्या साहेबांना. तू म्हणालीस, “आगगाडी थांबवणं गुन्हा आहे, वन्सं. आईंना नेतील.” मी म्हटलं, म्हातारीला कुणी नेत नाही, नेलं तर मी जाईन सोबत. तू म्हणालीस, “फोटोत तांबडं कुठे दिसतंय? काळंच आहे ते.” मी चिडून म्हटलं, मग निदान घरात तरी बोल. आईच्या तोंडावर बोल. तू म्हणालीस, “बाबांनी एकदा सांगितलं ना? आता ते मोडायचं नाही.” आणि पोळपाट पुढ्यात ओढून घेतलास. तुझी ही सवय होती. वाद नको झाला की पिठात हात.

मला राग कशाचा यायचा सांगू? तुला बोलता येत होतं. मला शिक्षिकेच्या कोर्सला पाठवायचं दादा टाळत होता तेव्हा तू त्याच्याशी आठवडाभर भांडलीस. जेवायला वाढलंस पण बोलली नाहीस, शेवटी त्याने हात जोडले. आज मुलींच्या शाळेत मी दोन अक्षरं शिकवते ती तुझ्या त्या भांडणामुळे. दुसऱ्यासाठी तुझी जीभ अशी चालायची. स्वतःच्या बापासाठी मात्र कुलूप.

आणि आई! ती एकदाही बोलली नाही. बाबांना घरी पाठवल्याचं कळलं तेव्हा म्हणाली, “रेल्वेवाल्यांका अक्कल नाय.” बाबा वारल्याची तार आली तेव्हा तुला जवळ घेतलं, तुझ्यासाठी पेज केली, रात्री तुझ्या डोक्याला तेल लावलं. ते सगळं केलं. पण “माझ्यामुळे झालां” हे दोन शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत. मी एकदा तोंडावर विचारलं तर म्हणाली, “माका काय म्हायत? मी बरां आसा म्हणान सांगलंय,” आणि पाठ फिरवली. ते फडकं तिने टाकलंही नाही. भाकरीच्या टोपलीवर तेच. मी म्हणाले, वयनी, चुलीत घाल ते. तू म्हणालीस, “कापडाचा काय दोष?” आणि इतकी वर्षं दर आठवड्याला ते स्वतःच्या हाताने धुऊन दोरीवर टाकलंस. मला ते दोरीवर बघवत नसे. मी मागच्या दाराने जायचे.

त्यानंतर तू अख्खी गाडी कधी टिपली नाहीस. दादाला बेळगाव-कोल्हापूरची वर्दी मिळाली की तू पुढच्या सीटवर बसून निघायचीस. फाटकाशी उभी राहायचीस, इंजिन जाऊ द्यायचीस, डबे जाऊ द्यायचीस, आणि शेवटचा डबा आला की खटका दाबायचीस. कोण कुठले गार्ड, कुणी हात वर केलेला, कुणी नुसतंच बघणारं. भिंत त्यांनीच भरली. येणारी-जाणारी विचारायची, हे काय? तू म्हणायचीस, “असंच, आवड.” मला एकदाच म्हणालीस, “त्या डब्यात माणूस फार एकटा असतो, वन्सं. कुणीतरी आपल्याकडे बघतंय, एवढं तरी त्याला दिसावं.” तुझं हे वेड मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आधी कळायला हवं होतं.

ताप उतरेना आणि डॉक्टर दादाला बाहेर नेऊन बोलायला लागले, तेव्हा तू मला खूण करून बोलावलंस. ट्रंक उघडायला लावलीस. “तो फोटो माझ्याबरोबर द्या. मागे ठेवू नका.” मी म्हटलं, ते जमणार नाही. त्यावर तू नुसती हसलीस. “आता तरी माझ्याशी भांडू नका, वन्सं.” मी कुठे भांडत होते? मला तू हवी होतीस, गं. जास्त काही नको होतं.

तुला न्हाऊ घातलं, हिरवी साडी नेसवली, ओटी भरली. फोटो माझ्या पदराखाली होता. एकदा वाटलं, सगळ्यांसमोर वर करावा आणि ओरडून सांगावं. मग तुझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे लक्ष गेलं आणि मी तो निऱ्यांच्या आत सरकवला. तू सांगितलंस तसंच केलं. आता त्याची राख झाली. म्हणून हे लिहायला बसले. तुझ्या बाबांनी तांबडं पाहिलं होतं. ते झोपले नव्हते. तांबडं खरंच हललं होतं आणि माझ्या आईने हलवलं होतं. तू रागावशील. रागाव.

आणि एक राहिलं, ते तुला ठाऊक नाही, कारण तुझं तोंड तेव्हा झाकलेलं होतं.

दादाने मडकं उचललं, चौघांनी तुला खांद्यावर घेतलं आणि माणसं खळ्यातून बाहेर पडली. बायका आम्ही कुंपणाच्या दाराशी, बेड्यापाशीच थांबलो. आई इतका वेळ माजघरात भिंतीला टेकून होती, रडली नव्हती. ती उठून बाहेर आली तेव्हा मला वाटलं, आता ही कोसळते. तिच्या हातात भाकरीच्या टोपलीवरचं फडकं होतं. बायकांना बाजूला सारून ती बेड्याबाहेर रस्त्यावर गेली. हात वर केला, आणि हलवायला लागली.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. म्हातारीचं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं असेल. मी धावत जाऊन तिचा दंड धरला. “आये, ह्यां काय करतंस?”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिची नजर तुझ्यावरच होती. हात थांबत नव्हता.

“तांबडां दाखवल्यार थांबतत मां गो?” थांबतात ना, असं ती मला विचारत होती. “थांबतत मां?”

म्हणजे तिला ठाऊक होतं, वयनी. इतकी वर्षं सगळं ठाऊक होतं. मला तिच्या अंगावर ओरडायचं होतं, पण मी तिचा दंड सोडून दिला. तुला नेणारे चालत राहिले. अशा वेळी मागे वळून बघायचं नसतं, त्यांनी पाहिलं नाही. माडांच्या पलीकडे रस्ता वळतो तिथे तू दिसेनाशी झालीस, तरी ती हलवतच होती.

तुझ्या बाबांना दिसलं असतं, वयनी. ते थांबले असते.